अडीच साडेतीन सव्वासहा का नाहीत?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. अडीच गुणिले साडेतीन तिनं असं सोडवलं : बे त्रिक सहा, अर्ध्याचा अर्धा पाव, म्हणून सव्वासहा. वहीत फुली आली. "दोन्ही भाग गुणले की मी, मग चूक कुठाय?" असं तिचं म्हणणं. फुली मला पटते, पण कारण सांगता येत नाही.
– एक आई, चिपळूण

उत्तर : अर्ध्याचा अर्धा पाव, हे लेकीनं बरोबर केलंय. तेवढी शाबासकी आधी द्या. तिथेच अडखळणारी मुलं मी वर्गात ढिगानं पाहिली आहेत.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन, 'औट घटकेचं राज्य' म्हणतो त्यातला. अडीच औट किती, असं विचारलं की पुडीचा दोरा तोडता तोडता म्हणायचे, "दोन औट सात, अर्ध्या औटाचे पावणेदोन, झाले पावणेनऊ."

त्यांनी अर्धं घेतलं ते अख्ख्या साडेतिनाचं. तुमच्या लेकीचा अर्धा मात्र पलीकडच्या अर्ध्यालाच भेटून परत आला, तिनाकडे गेलाच नाही. आणि तिचे दोन नुसत्या तिनाला भेटले, अर्ध्याकडे फिरकले नाहीत.

हे तोंडी पटणार नाही, म्हणून चौकटीची वही घ्या. दोन चौकटींची लांबी म्हणजे एक, असं ठरवा. मग अडीच म्हणजे पाच चौकटी आणि साडेतीन म्हणजे सात. पाच बाय सातचा आयत आखून आतल्या चौकटी मोजायला लावा. पस्तीस भरतील. एक बाय एकच्या पूर्ण चौरसात चार चौकटी बसतात, म्हणून पस्तिसाला चारनं भागायचं : आठ पूर्ण, तीन उरल्या. पावणेनऊ. आता तिच्या सव्वासहाच्या चौकटी किती? पंचवीस. हरवलेल्या दहा कुठे आहेत ते तिलाच रंगवू द्या. एका कडेला चारची पट्टी निघेल, दुसऱ्या कडेला सहाची.

शाळेतली रीत म्हणजे हीच वही. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा आधी अंशाधिक अपूर्णांक करायचा. अडीचचे ५/२, साडेतीनचे ७/२. अंशाला अंश, छेदाला छेद गुणून ३५/४. पाच, सात आणि चार तिनं वहीत मोजलेलेच आहेत.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) अपूर्णांकांच्या गुणाकाराला दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं : २ १/३ गुणिले २ १/७. लेकीच्या पद्धतीनं ४ १/२१ असं विचित्र काहीतरी हाती येतं. रीतीनं केलं तर ७/३ गुणिले १५/७, साताला सात कटतात, १५/३ उरतात, म्हणजे नेमके पाच! मात्र ही काटाकाट रूपांतर झाल्यावरच करायची. मुलांचा हात त्याआधीच शिवशिवतो, आणि मग पूर्णांकालाही कात्री लागते.

एक गणित स्वयंपाकघरातलं द्या. एका प्रमाणात सव्वादोन वाट्या तांदूळ आहेत आणि भाजणी दीडपट करायची आहे. ९/४ गुणिले ३/२ म्हणजे २७/८, तीन पूर्णांक तीन अष्टमांश. एवढं काढल्यावर ती विचारेल की तीन अष्टमांश वाटीनं कसे मोजायचे. सव्वातीन वाट्या घाला, आणि वर पाव वाटीचं माप अर्धं भरून.