वाचकांचे प्रश्न : अडवलेले पाणी कोणाचे?

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचे पाणी उतारावर अडवून जमिनीत मुरवण्याच्या, कामांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची आणि गावांची नावे गाळली आहेत, कारण चारही पत्रांत गावातल्या हितसंबंधांविषयी स्पष्ट लिहिलेले आहे.

प्रश्न : आमच्या गावात लोकांनी श्रमदानातून डोंगरमाथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खोदले आणि नालाबांधांतील गाळ काढला. त्यानंतर पाऊस बरा झाला आणि ओढ्याकाठच्या विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी राहू लागले. माथ्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना आणि भूमिहीन कुटुंबांना मात्र त्यातून काहीच मिळाले नाही. आता चर बुजले आहेत आणि दुरुस्तीला ओढ्याकाठचे लोक सोडून कोणी येत नाही. न येणाऱ्यांना स्वार्थी म्हणणे मला पटत नाही, पण काम थांबले आहे. काय करावे? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : न येणाऱ्यांना स्वार्थी म्हणणे आपल्याला पटत नाही, हे योग्यच आहे. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यावे लागते आणि मुरलेले पाणीही त्याच दिशेने जाते. त्यामुळे कष्ट माथ्यावर होतात आणि लाभ पायथ्याशी गोळा होतो. पायथ्याची जमीन काळी, खोल आणि बहुधा गावातल्या वजनदार घरांची असते. म्हणजे लाभाचे वाटप कोणी जाणूनबुजून अन्यायाने केले नाही, तरी जमिनीच्या उताराने आणि सातबाऱ्याने ते आधीच करून ठेवलेले असते. ज्यांना पहिल्या फेरीत काही मिळाले नाही, ते दुसऱ्या फेरीला येत नाहीत. यात नैतिक घसरण शोधण्याचे कारण नाही; तो सरळ व्यवहार आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात फार पूर्वी एक नेमके उत्तर देऊन झालेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची ४० एकर माळरान जमीन कराराने घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला आणि त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान व पाणी पंचायत उभी राहिली. पाणी पंचायतीचे नियम थोडे होते, पण प्रत्येक नियम कोणाच्या तरी सवयीला धक्का देणारा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल; माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल. जमीन विकली तर हक्क गटाकडे परत येईल. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. ऊस लावता येणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा आणि पाळीप्रमाणे पाणी सोडण्यासाठी गटाने पाटकरी नेमायचा.

भूमिहीनाला पाण्याचा वाटा देऊन तो काय करणार, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर असे की, ज्याच्याकडे जमीन आहे पण हक्काच्या पाण्यापेक्षा जास्त आहे, त्याच्याशी तो वाट्याने शेती करू शकतो, आणि या सौद्याला तो केवळ मजूर म्हणून न बसता पाण्याचा धनी म्हणून बसतो. माझ्या मते या सगळ्या प्रयोगातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट हीच होती. याच सुमाराचे नव्हे, पण याच वळणाचे दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा हे तत्त्व त्यांनी धरले होते.

पाणी पंचायतीचा नियम आज आपल्या गावाला जसाच्या तसा लावता येईल असे मी म्हणणार नाही. तो गटाने स्वतः उभ्या केलेल्या सामुदायिक उपसा योजनांसाठी, म्हणजे पंपाने पाणी उचलून शेतांना देण्याच्या योजनांसाठी, होता. आपल्याकडे पाणी वाढले आहे ते खासगी विहिरींत, आणि तिथे पाटकरी नेमता येत नाही. तरीही दुरुस्तीची बैठक बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवता येतील. माथ्याचे काम फुकट श्रमदानावर न टाकता रोजगार हमीत घ्यावे, म्हणजे भूमिहीनांना निदान मजुरी मिळेल. श्रमदानाचे कौतुक खूप होते, पण ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याचा एक दिवस आणि बागायतदाराचा एक दिवस सारखा नसतो. दुसरे, तलावातली मासेमारी आणि बांधावरचे गवत यांचा हक्क भूमिहीन कुटुंबांच्या गटाला लेखी द्यावा आणि निघालेला गाळ प्रथम माथ्याच्या हलक्या जमिनींत टाकावा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे : ज्यांच्या विहिरींचे पाणी वाढले त्यांनी खरिपात पावसाने ओढ दिली तर माथ्याकडच्या शेतांना एक किंवा दोन संरक्षित पाळ्या, म्हणजे पीक जगवण्यापुरते पाणी, द्याव्यात, असा ठराव ग्रामसभेत व्हावा. हा ठराव झाला नाही, तर नुसत्या दुरुस्तीसाठी लोकांची मनधरणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या गावाने हिवरे बाजारचा कित्ता गिरवत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. डोंगर हिरवा झाला हे खरे आहे. मात्र आमच्यासारख्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरांना जनावरे विकावी लागली. पर्यावरणासाठी त्याग करा असे सांगतात. तो आम्हीच का करायचा? (सातारा जिल्हा)

उत्तर : आपला प्रश्न चराईबंदीच्या विरोधात नाही, तिची किंमत कोणी मोजली याविषयी आहे, आणि तो रास्त आहे. गोठ्यात बांधून संकरित गाय पाळणे त्याला परवडते, ज्याच्या शेतात कडबा आणि हिरवा चारा निघतो. शेळी हे बिनजमिनीच्या माणसाचे जनावर आहे आणि गायरान हीच त्याची जमीन. गायरान बंद करून चाऱ्याची सोय न करणे म्हणजे गावातल्या सर्वांत गरीब घराची जमीन मोबदल्याविना संपादित करण्यासारखे आहे.

येथे हरियाणातील सुखोमाजरी या शिवालिकच्या पायथ्याच्या गावाची हकीकत उपयोगी पडेल. चंदीगडच्या सुखना तलावात गाळ भरू लागला तेव्हा त्याचा माग काढत मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा १९७० च्या दशकात वरच्या डोंगरांत पोहोचले. उघडे डोंगर हे कारण होते आणि गावकऱ्यांची जनावरे तिथेच चरत. गावात मातीचा छोटा बंधारा बांधून दिला, पण पहिल्यांदा पाणी मिळाले ते मोजक्या शेतांना. ज्यांना पाणी नाही त्यांनी चराई थांबवण्याचे काहीच कारण नव्हते. मग प्रत्येक घराला, जमीन असो वा नसो, पाण्याचा समान वाटा ठरला. ज्याला आपला वाटा वापरता येत नव्हता त्याला तो दुसऱ्याला विकता येत होता. डोंगरावरच्या भाबर गवताचा हक्कही गावाच्या संस्थेला मिळाला. त्यानंतर चराई कमी झाली आणि त्यासाठी तारेचे कुंपण घालावे लागले नाही. सामाजिक कुंपण हा शब्दप्रयोग पाणलोटाच्या क्षेत्रात रुळला तो या अनुभवातून. क्रम ध्यानात घ्यावा : आधी वाटा ठरला, मग डोंगर राखला गेला.

आपण ग्रामसभेत बंदी उठवण्याची मागणी करू नये. ती मान्य होणार नाही आणि झाली तर डोंगर पुन्हा उघडा पडेल. मागणी अशी करावी की डोंगराचे तीन भाग करून आळीपाळीने दोन बंद ठेवावेत आणि एक मेंढरांना खुला असावा. बंद भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क पशुपालक घरांना मिळावा आणि ते लिलावात जाऊ नये. हिवरे बाजारमध्येही चराई बंद झाली तरी गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवलेली होती. बंदीचे अनुकरण करताना अनेक गावे ही मुभा सोयीस्करपणे विसरतात.

प्रश्न : मी कर्ज काढून विहीर खोदली, वर बोअर घेतली, प्लास्टिकचे शेततळे केले. आता गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती मिळते आणि किती लागते याचा हिशेब, मांडून ऊस लावू नका असे सांगत आहेत. माझ्या जमिनीतले पाणी माझे नाही का? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : कायद्याने पाहिले तर फार काळ ते आपलेच होते. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार मानला आणि बैलांच्या मोटेच्या काळात त्याने कोणाचे फारसे बिघडत नव्हते. विजेचा पंप आणि बोअरचे यंत्र आल्यावर तोच अधिकार शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडण्याचा अधिकार झाला. १९९३ मध्ये राज्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर घेण्यावर बंधन घातले. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई आहे. कागदावर कायदा चांगला आहे. गावात रात्री बोअरची गाडी येते तेव्हा तो कायदा कुठे असतो, हे आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून कायदा बाजूला ठेवून हिशेब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. आपले शिवार ५०० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरला तर एकूण २०० कोटी लिटर झाले. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांतच. दहा टक्के मुरले असे धरले तर २० कोटी. दीड हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ३ कोटी आणि जनावरांना १ कोटी लागतात. उरले १६ कोटी. उसाची गरज हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर. थेट पडणारा पाऊस वजा केला तरी १ कोटी ६० लाख उपसावे लागतात. म्हणजे दहा हेक्टर उसाने, शिवाराच्या पन्नासाव्या हिश्श्याने, सगळ्या गावाचे पाणी संपते. त्याच १६ कोटींत ज्वारी-हरभऱ्याला प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या द्यायच्या तर शंभराहून अधिक हेक्टर रब्बी निघते. ठिबक लावले की प्रश्न मिटतो असे नाही. वाचलेल्या पाण्यावर बहुधा आणखी दोन एकर ऊस वाढतो.

शेततळ्याचेही तसेच. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात उताराच्या कडा धरून सुमारे २२ लाख लिटर मावतात, आणि एवढे पाणी वरच्या हिशेबातल्या गावाला २६ दिवस पिण्याला पुरते. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर उत्तम. परंतु बोअरने उपसून भरले तर सर्वांच्या खालचे पाणी एकाच्या प्लास्टिकवर येऊन उन्हात वाफ होते.

आपले कर्ज मात्र खरे आहे आणि ताळेबंद मांडणाऱ्यांनी ते विचारात घेतले पाहिजे. उभे पीक मोडायला सांगणे अन्यायाचे होईल. चालू ऊस निघाल्यावर खोडवा (त्याच खोडांतून पुन्हा फुटणारा ऊस) न ठेवण्याचे आपण कबूल करावे आणि त्या बदल्यात कमी पाण्याच्या फळबागेसाठी किंवा भाजीपाल्यासाठी ताळेबंदातून ठरावीक वाटा लेखी मागावा. हाच नियम सरपंचांच्या भावकीच्या उसाला लागतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला पुरेपूर आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद मुलांकडून करून घेता येईल का? (जालना जिल्हा)

उत्तर : येईल, आणि मुले तो मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे करतील. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घ्यावी. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडून दोरीला वजन बांधून दर महिन्याला पाण्याची पातळी मोजावी. त्यात माथ्याच्या आणि पायथ्याच्या दोन्ही विहिरी असाव्यात. विहिरीच्या काठावर शिक्षकांनी मुलांबरोबर असावे, हे वेगळे सांगायला नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर आपल्या परिसरात असेल तर तिच्या नोंदी ताडून पाहता येतील.

मात्र एक तक्ता जास्त करावा, जो सहसा कोणी करत नाही. प्रत्येक वस्तीत नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते, हातपंप चालू आहे का, आणि पाणी आणायला घरातले कोण जाते, याची नोंद वस्तीनिहाय ठेवावी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. आज सार्वजनिक पाण्यावर सहसा कोणी उघड बंदी घालत नाही, पण पाइपलाइनचे शेवटचे टोक कोणत्या वस्तीत आहे हे पाहिले की जुनी रचना ओळखू येते. हा तक्ता भिंतीवर लागला की काहींना रुचणार नाही. त्यामुळे तो मुलांच्या नावाने न लावता शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने लावावा, आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ग्रामसभेपुढे ठेवावा. पेरणी झाल्यावर मांडलेल्या ताळेबंदाने कोणाचीही पाळी बदलत नाही.