लिबएक्सएमएल२ वापरताना वाढत जाणारी मेमरी

एकामागून एक एक्सएमएल फायली वाचणाऱ्या तुमच्या सी प्रोग्रॅमची मेमरी दर फायलीगणिक वाढते आणि मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या साधनाच्या अहवालात लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीचे नाव दिसते, म्हणून दोष लायब्ररीचा, हा तुमचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मेमरी मागून घेते ती लायब्ररीच, त्यामुळे मेमरी देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनखालोखाल तिचे नाव येणारच. ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे पाहायला हवे. त्यासाठी अहवालातील स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनला कोणी बोलावले याची यादी, वाचत खाली या आणि तुमच्या स्वतःच्या फंक्शनची पहिली ओळ लागेल तेथे थांबा.

तेथे बहुधा एक्सएमएलगेटप्रॉप किंवा एक्सएमएलनोडगेटकंटेंट सापडेल. ही दोन्ही फंक्शने मजकुराची नवी प्रत करून देतात आणि ती एक्सएमएलफ्रीने सोडणे हे वापरणाऱ्याचे काम असते. एक्सएमएलफ्रीडॉकने डॉक्युमेंट सोडले की सगळे सुटले, हा समज येथे नडतो, कारण ती प्रत डॉक्युमेंटच्या झाडाचा भागच नसते. उलट एक्सएमएलडॉकगेटरूटएलिमेंटने दिलेला नोड झाडाच्याच मालकीचा असतो. तो वेगळा सोडलात, तर पुढे तीच मेमरी दुसऱ्यांदा सोडली जाऊन प्रोग्रॅम कोसळू शकतो. एक्सपाथ या नोड शोधण्याच्या भाषेत निकालाचा ऑब्जेक्ट आणि कॉन्टेक्स्ट, दोन्ही स्वतंत्रपणे सोडावे लागतात. फंक्शनच्या मध्येच रिटर्न असेल, तर ही सारी शिस्त वाया जाते, म्हणून सगळे पॉइंटर आरंभी नल, म्हणजे रिकामे, करावेत आणि बाहेर पडण्याची प्रत्येक वाट गोटू या थेट उडी मारणाऱ्या आज्ञेने शेवटच्या एकाच लेबलकडे आणावी. गोटूला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. सीमध्ये या कामाला याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.

अहवालातील ‘डेफिनिटली लॉस्ट’, म्हणजे जिच्याकडे एकही पॉइंटर उरलेला नाही अशी मेमरी, आधी निस्तरा. ‘स्टिल रीचेबल’चा, म्हणजे न सोडलेल्या पण अजून पॉइंटर असलेल्या मेमरीचा, आकडा दहा फायलींना आणि हजार फायलींना तेवढाच राहत असेल, तर त्याच्या मागे लागू नका. तो वाढत असेल, तर तुमच्याच एखाद्या यादीत किंवा कॅशमध्ये काहीतरी साठत आहे, अशी शंका आधी घ्या. दोन्ही आकडे स्थिर असून आरएसएस, म्हणजे प्रोग्रॅमने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी, तेवढी फुगत असेल, तर मोकळी मेमरी परत करायला लावणारे मॅलॉक_ट्रिम करून पाहा, कारण मोकळी झालेली सगळी मेमरी जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच परत करतेच असे नाही.

इतके करूनही संशय लायब्ररीवरच राहिला, तर तिची नवी आवृत्ती अ‍ॅड्रेससॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनासह बांधून मुद्दाम अर्धवट तोडलेल्या फायली द्या, कारण प्रसिद्ध लायब्ररींतील खऱ्या गळत्या बहुतेकदा चुका हाताळणाऱ्या, क्वचितच चालणाऱ्या कोडमध्ये दडलेल्या असतात. तक्रार नोंदवताना गळती दाखवणारी लहानात लहान फाइल आणि ती वाचणारा छोटा प्रोग्रॅम सोबत जोडा.