प्राणसाहेबांनी न घेतलेली बाहुली

प्रश्न : परवा घरी जेवताना वाद झाला. माझे वडील म्हणतात, ‘पाकीजा’ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकही पुरस्कार मिळाला नाही, सगळे ‘बेईमान’ने नेले आणि म्हणून प्राण यांनी आपला पुरस्कार परत केला. माझा मुलगा म्हणतो, ही नुसती दंतकथा. खरं काय?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : वडिलांचं म्हणणं मुळात खरं आहे. दोन दुरुस्त्या तेवढ्या करतो. प्राणसाहेबांनी पुरस्कार परत केला नाही, फिल्मफेअरची ती बाहुली त्यांनी घेतलीच नाही. आणि ‘पाकीजा’ अगदीच रिकाम्या हाताने गेला नव्हता. कलादिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि तो मिळवणारे होते एन. बी. कुलकर्णी. तो तवायफांचा कोठा, त्या कमानी, ती झुंबरं ज्यांनी उभी केली त्यांचं नाव निदान मराठी घरात तरी माहीत असावं.

बाकी हिशेब असा. १९७३ साली, म्हणजे १९७२च्या चित्रपटांसाठी, ‘बेईमान’ला सात पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक सोहनलाल कंवर, अभिनेता मनोजकुमार, सहायक अभिनेता प्राण, गीतकार वर्मा मलिक, गायक मुकेश आणि संगीतासाठी शंकर-जयकिशन. वाद पेटला तो या शेवटच्या नावावरून.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मिरजेत गुरुजींकडे तबला शिकत होतो. ‘पाकीजा’ आम्ही आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाहिला. मीनाकुमारी ३१ मार्चला गेल्या होत्या, चित्रपट लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि तिकिटाची रांग थिएटरच्या फाटकाबाहेर रस्त्यावर आली होती. गुरुजी सहसा सिनेमाला येत नसत. त्या दिवशी आले, आणि ‘ठाडे रहियो’ सुरू झालं तसा त्यांचा उजवा हात मांडीवर चालायला लागला. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, “हे संगीत तबल्यावर हात चाललेल्या माणसाचं आहे.” आम्हाला संगीतकाराचं नाव तेव्हा धड माहीतही नव्हतं.

गुरुजींचं बरोबर होतं. ‘पाकीजा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद बिकानेरकडचे, तबला आणि ढोलक वाजवत वाढलेले. मुंबईत आले आणि वर्षानुवर्षे नौशाद यांचे साहाय्यक राहिले. स्वतंत्रपणे ‘मिर्झा गालिब’सारखं काम करूनही पहिल्या रांगेत त्यांना कोणी बसवलं नाही. ‘पाकीजा’ची तयारी १९५६ साली सुरू झाली. पुढे काम बंद पडलं आणि १९६९मध्ये पुन्हा उभं राहिलं. तेव्हा गुलाम मोहम्मद नव्हते. १७ मार्च १९६८ रोजी ते वारले होते. लताबाईंच्या आवाजातली ती गाणी ते करून ठेवून गेले. पार्श्वसंगीत पुढे नौशाद यांनी पूर्ण केलं. म्हणजे ज्या कामाने हा माणूस घराघरांत पोहोचला, ते लोकांच्या कानावर पडलेलं त्याने पाहिलंच नाही.

पुरस्कारांची बातमी मी वाचली ती शिंप्याच्या दुकानात, सदऱ्याचं माप देण्यासाठी थांबलो असताना. वाचून डोकं भणाणलं. तसाच सायकल हाणत गुरुजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, तबल्यावरचं कापड काढलं आणि म्हणाले, “बस, वाजव.”

आता शंकर-जयकिशन यांच्याबद्दल. ‘बेईमान’च्या निमित्ताने त्यांना आजही लोक शिव्या घालतात, ते मला पटत नाही. १९५७पासून १९७३पर्यंत त्यांना नऊ वेळा हा पुरस्कार मिळाला आणि शेवटची तीन वर्षं तर ओळीने मिळाला. त्यातले बरेच त्यांच्या हक्काचे होते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. ‘बेईमान’ पडद्यावर आला तेव्हा जयकिशनही हयात नव्हते. सप्टेंबर १९७१मध्ये ते गेले होते. शंकर यांनी मित्राचं नाव आपल्या नावापासून शेवटपर्यंत तोडलं नाही. या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ‘बेईमान’चं संगीत ‘पाकीजा’हून सरस होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुकेश यांनी ‘जय बोलो बेईमान की’ कितीही मनापासून गायलं असलं तरी नाही.

आणि म्हणूनच प्राणसाहेब मला मोठे वाटतात. त्यांचा त्यात तोटा काहीच नव्हता. चित्रपट त्यांचा, पुरस्कार त्यांना, त्यांच्या पोलिसाच्या कामाबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. गुलाम मोहम्मद यांचा त्यांच्यावर उपकार नव्हता आणि गेलेला माणूस उद्या उपयोगी पडणार नव्हता. तरी त्यांनी सांगितलं की संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’चा होता, तो डावलला गेला, तेव्हा माझाही मला नको. बाहेर उभं राहून ‘अन्याय, अन्याय’ ओरडणारे आम्ही पुष्कळ होतो, मीही सायकलवरून तेच करत होतो. स्वतःच्या हातात आलेली वस्तू खाली ठेवणारा तो एकटा निघाला. मुलाला सांगा, ही दंतकथा नाही.

प्रश्न : ‘पाकीजा’च्या गाण्यांसाठी लताबाईंना तरी पुरस्कार मिळायला हवा होता. त्यांनाही डावललं का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : नाही. नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून या पुरस्कारासाठी आपला विचार करू नये, असं लताबाईंनी १९७० सालीच सांगितलं होतं. १९७३चा गायिकेचा पुरस्कार आशाबाईंना ‘दम मारो दम’साठी मिळाला.

पण गायकांना पुरस्कार असावा यासाठी भांडल्या त्या लताबाईच. १९५७ साली ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला आणि सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गावं, अशी विनंती त्यांना झाली. तेव्हा गायक आणि गीतकार यांच्यासाठी पुरस्कारच नव्हते. त्यांनी गायला नकार दिला. १९५९पासून दोन्ही पुरस्कार सुरू झाले आणि गाण्याचा पहिला त्यांनाच मिळाला, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी.

‘पाकीजा’त लताबाईंशिवायही आवाज आहेत, ते निसटू देऊ नका. पार्श्वभूमीला वाजणाऱ्या ठुमऱ्यांमध्ये राजकुमारी, परवीन सुलताना आणि वाणी जयराम आहेत. कुमार गंधर्वांबरोबर ‘ऋणानुबंधाच्या’ गाणाऱ्या त्याच वाणी जयराम.

प्रश्न : मीनाकुमारींनाही पुरस्कार मिळाला नाही, तो हेमा मालिनी यांना ‘सीता और गीता’साठी मिळाला. तुम्ही गुलाम मोहम्मद यांच्याबद्दल बोलता, मग मीनाकुमारींबद्दल गप्प का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : गप्प नाही, पण माझं दुःख तिथे तितकं नाही. फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार १९५४ साली दिले गेले आणि अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार मीनाकुमारींचा होता, ‘बैजू बावरा’साठी. पुढे ‘परिणीता’, ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि ‘काजल’. एका वर्षी तर अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं त्यांचीच होती. त्यांच्या गुणाची ओळख त्यांच्या हयातीत पटली होती. हेमा मालिनींनी दोन बहिणी दोन तऱ्हांनी उभ्या केल्या होत्या. त्या पुरस्कारावर मी बोट ठेवणार नाही.

गुलाम मोहम्मद यांना मात्र हा पुरस्कार आधी कधी मिळाला नव्हता आणि नंतर मिळण्याची सोय नव्हती. जिवंत कलावंताची एखादी संधी हुकली तर पुढच्या वर्षी दुसरी येते. त्यांची हीच एक होती.

प्रश्न : मला संगीतातलं काही कळत नाही. ‘पाकीजा’ची गाणी ऐकताना नेमकं काय ऐकू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी शब्द बाजूला ठेवा. ‘इन्हीं लोगों ने’ लावा आणि लताबाईंची ओळ संपल्यावर तबला काय बोलतो तेवढंच ऐका. मग दुसऱ्यांदा लावून फक्त सारंगी ऐका. राग यमन आहे, पण तो ओळखता आला नाही तरी चालेल. त्यानंतर ‘ठाडे रहियो’. त्यात राजस्थानचा मांड हा राग आहे, बिकानेरच्या माणसाने घरून आणलेला. लय चढायला लागली की तुमचा हात आपोआप मांडीवर येईल, त्याला अडवू नका.

‘चलते चलते’ शेवटी ठेवा आणि ते चित्रपटातच पाहा. गाणं विझत जातं आणि लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू येते. त्या दिवशी थिएटरात गुरुजींचा हात तिथे थांबला होता.