वाचकांचे प्रश्न : पहिली परावर्ती दुर्बीण

प्रश्न : 114 मिमी व्यासाच्या आरशाची, 900 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. खोक्यावर 675 पट विशालन लिहिलंय, पण गुरू नुसता थरथरणारा पांढरा गोळा दिसतो. आरसा सदोष असेल का? (सांगली)

उत्तर : आरशावर संशय घेण्याआधी 675 हा आकडा विसरा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नाभीय अंतराने भागलं की विशालन मिळतं. 20 मिमीच्या आयपीसने 45 पट, 4 मिमीच्या आयपीसने 225 पट, आणि त्यात 3 पटीची बार्लो (विशालन वाढवणारं जोडभिंग) लावली की 675. गणित चुकलेलं नाही, पण एवढा तपशील दाखवणं 114 मिमीच्या आरशाला शक्यच नाही. प्रतिमा फक्त फुगते आणि अंधूक होते. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे 2 पट ही कमाल मर्यादा धरतात. तुमच्यासाठी ती 228, आणि तीही हवा अगदी स्थिर असलेल्या रात्री. एरवी 90 ते 130 पटीवर थांबावं. सोबत मिळालेला 4 मिमीचा आयपीस आणि प्लॅस्टिकची बार्लो बाजूला ठेवा आणि पहिला खर्च 10 मिमीच्या प्लोसल प्रकारच्या आयपीसवर करा. त्याआधी फोकसरचा (आयपीस बसवायच्या सरकत्या नळीचा) आतला व्यास मोजा. तो 31.7 मिमी असेल तर बाजारातले नेहमीचे आयपीस बसतात.

थरथर येते ती बहुतेक वेळा उष्णतेमुळे. आरसा घरातल्या तापमानाला असतो, बाहेरची हवा गार असते, त्यामुळे नळीतच गरम हवेचे प्रवाह उठतात. दुर्बीण झाकण काढून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. दिवसभर तापलेली गच्चीची स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. मातीचं अंगण असेल तर तेच निवडा. गच्चीच पर्याय असेल तर रात्री जरा उशिरा बसा. उघड्या खिडकीतून पाहू नका. ग्रह क्षितिजापासून निदान 30 अंश वर येऊ द्या.

एवढं जमलं की 90 पटीवर गुरूचे दोन गडद पट्टे आणि एका रेषेत चार चंद्र स्पष्ट दिसतील. आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे चंद्रांची मांडणी काही तासांतही बदललेली कळते. हे पाहण्यासाठी दर तासाला एक साधं रेखाटन जरूर करा.

गार झालेल्या दुर्बिणीतही तारा ठिपका होत नसेल, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा दिसत असेल, तर आरशांची जुळणी बिघडली आहे. ध्रुवतारा मध्यभागी आणा (तो जागचा हलत नाही म्हणून सोयीचा) आणि फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याच्या जागी कडी दिसू लागतील. त्या कड्यांच्या मधला काळा ठिपका बरोबर मध्यात हवा. नसेल तर मुख्य आरशामागचे अडकवणीचे स्क्रू सैल करून जुळणीचा एक स्क्रू पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा मध्यात आणा आणि परत पाहा. एका वेळी एकच स्क्रू.

प्रश्न : फाइंडरमध्ये (नळीवरच्या लहान शोधक दुर्बिणीत) तारा मध्यावर, दुर्बिणीत मात्र काळोख. (नाशिक)

उत्तर : फाइंडर दिवसा जुळवा. किमान अर्धा किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर 20 मिमीच्या आयपीसमध्ये मध्यात आणा, नळी घट्ट करा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या मध्यात घ्या. टॉवर उलटा दिसेल. आकाशात त्याने काही बिघडत नाही. सूर्याच्या दिशेला नळी कधीही वळवू नका. आयपीसवर बसवायचा काळा ‘सन फिल्टर’ खोक्यात असेल तर तो फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो, आणि डोळा कायमचा जातो.

प्रश्न : विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण वळवता येणारी बैठक) कसा लावायचा? इमारतीमुळे ध्रुवतारा दिसत नाही. (पुणे)

उत्तर : अक्षांशाच्या पट्टीवर पुण्यासाठी साडेअठरा अंश लावा (नागपूरला 21) आणि होकायंत्राने ध्रुवीय अक्ष (माउंटचा ध्रुवाकडे रोखायचा अक्ष) उत्तरेकडे करा. डोळ्यांनी पाहण्यासाठी एवढं पुरतं. युरोपातल्या अक्षांशांवर न येणारी एक अडचण आपल्याकडे येते: अक्ष फार आडवा असल्याने प्रतिभाराचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो. तेव्हा तिपाई फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणा. मग दांडा आडवा धरून क्लॅम्प सैल करा आणि नळी कुठल्याच बाजूला झुकणार नाही असा प्रतिभार सरकवा. तोल नसला तर वस्तू सापडूनही निसटते; 90 पटीवर ती तशीही दोनेक मिनिटांत दृष्टिक्षेत्र ओलांडते, म्हणून नळी हळूहळू वळवायची मंदगतीची मूठ हाताशी हवी.

प्रश्न : मृगातला तेजोमेघ करडाच का? (सोलापूर)

उत्तर : मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून. छायाचित्रातले रंग दीर्घ उद्भासनाने (कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवल्याने) येतात. 20 मिनिटं अंधारात थांबा, मोबाइल खिशात ठेवा, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली 45 पटीने पाहा. मेघाच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन दिसला पाहिजे. चंद्रासाठी मात्र पौर्णिमा टाळा. तेव्हा सावल्याच नसतात. शुद्ध नवमीच्या सुमारास उजेड-सावलीच्या सीमेवर 93 किमी रुंदीचं कोपर्निकस विवर उठून दिसतं.

प्रश्न : आरशावर धूळ बसली आहे. पुसू का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो, कापडाने चरे पडतात, आणि थोड्या धुळीने प्रतिमेत जाणवेल असा फरक पडत नाही. कोकणात खरा शत्रू बुरशी. दवाने ओली झालेली दुर्बीण लगेच झाकू नका. आत आणून, तोंड खाली करून वाळू द्या. पावसाळ्यात ती हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या ओल धरू लागल्या की तापवून कोरड्या करून परत टाका.