वाचकांचे प्रश्न : ‘कमल’ चालते, ‘सुनंदा’ अडते

प्रश्न : आमच्या भागातील महिला बचत गटाच्या सभासदांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलमध्ये आहे. ती वाचून प्रत्येकीचा हप्ता काढणारा छोटा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला. दोन-तीन नावांची फाइल देऊन तपासले तेव्हा तो नीट चालला. पूर्ण यादी दिली की मात्र ‘युनिकोडडिकोडएरर’ येतो आणि त्यात ‘चारमॅप’, ‘०एक्स८१’ असे काहीतरी लिहिलेले असते. महाविद्यालयातील लिनक्स संगणकावर तीच यादी विनातक्रार वाचली जाते. माझी फाइल बिघडली आहे का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : फाइल शाबूत आहे. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगितले नाही, तर विंडोजवरील पायथन त्या संगणकाचे जुने कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता) गृहीत धरतो. आपल्याकडील बहुतेक इंग्रजी विंडोजवर ते १२५२ क्रमांकाचे, म्हणजे पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेले असते आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर असा हिशेब असतो. आपली फाइल आहे यूटीएफ-८ मध्ये, जिथे देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी तीन बाइटांत साठवली जाते. त्यामुळे ‘कमल’ हे तीन अक्षरी नाव नऊ परकी अक्षरे म्हणून वाचले गेले आणि कोणतीही तक्रार झाली नाही, कारण त्या नऊही बाइटांना १२५२ मध्ये कोणते ना कोणते अक्षर नेमून दिलेले आहे. तपासणी करताना आपण हप्त्याचा आकडा पाहिला असणार, नाव छापून पाहिले नसावे. पाहिले असते, तर प्रोग्राम तेव्हाही नीट चालत नव्हता हे लगेच कळले असते.

आता ‘०एक्स८१’ कडे पाहू. ‘०एक्स’ म्हणजे पुढचा आकडा सोळाच्या पद्धतीत, ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांनी लिहिलेला आहे. या कोडपेजमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत : ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीतील ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका ८१ आहे. जोडाक्षर घडवणाऱ्या हलन्ताचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी आहे. म्हणून ‘कमल’ आणि ‘सविता’ निमूट पुढे जातात, ‘सुनंदा’पाशी गाडी अडते आणि ‘लक्ष्मी’ पहिली आली असती तर तिच्यापाशी अडली असती. दीर्घ ऊकाराचा बाइट ८२ असल्यामुळे ‘नूतन’ मात्र सुखरूप सुटते! संदेशातला हा आकडा बहुतेक जण न वाचताच सोडून देतात. येथे कोणत्या चिन्हाने अडवले, हे त्यानेच सांगितले आहे.

‘ओपन’ला एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट सांगावे, वाचतानाही आणि लिहितानाही. फाइल एक्सेलमधून येत-जात असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ हा प्रकार वापरणे अधिक सोयीचे ठरते. एक्सेल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या पर्यायाने फाइल साठवताना सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवते. साध्या यूटीएफ-८ ने वाचल्यास ती खूण पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटते आणि ‘नाव’ हा स्तंभ डोळ्यांना दिसत असूनही प्रोग्राम ‘की-एरर’ देतो. ‘सिग’ प्रकार ती खूण असेल तर काढून टाकतो आणि नसेल तरी तक्रार करीत नाही.

एक सल्ला आपल्याला सर्रास मिळेल, तो मुळीच मानू नये : ‘ओपन’च्या ‘एरर्स’ या पर्यायात ‘इग्नोर’ (चुकीकडे दुर्लक्ष कर) लिहून मोकळे व्हावे. त्याने संदेश थांबतो हे खरे, पण रिकाम्या जागेत पडणारा बाइट कायमचा गळून जातो, आणि अशी यादी पुन्हा साठवली तर ‘सुनंदा’चा उकार नंतर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. बचत गटाच्या नोंदवहीच्या बाबतीत असला धोका पत्करू नये. लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ च गृहीत धरले जात असल्याने तेथे अडचण आली नाही. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून विंडोजवरही तसेच करण्याचे ठरले आहे; तथापि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असतात, तेव्हा एन्कोडिंग स्वतः लिहिण्याची सवय सोडू नये.

प्रश्न : दुधाचे दरपत्रक छापण्यासाठी मी शून्यापासून दर फेरीत ०.१ लिटर मिळवत जाणारा लूप लिहिला आणि ‘लिटर १.० होत नाही तोवर चालू ठेव’ अशी अट घातली. पडद्यावर १.०० ही ओळ स्पष्ट दिसते, तरी लूप न थांबता १.१०, १.२० असा पुढे जातच राहतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पडद्यावर दिसणारे १.०० हे दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करून छापलेले आहे. आत साठलेली संख्या ०.९९९९९९९९९९९९९९९९ आहे. एक तृतीयांश जसा दशांश पद्धतीत कुठे तरी तोडावाच लागतो, तसा एक दशांश संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत तोडावा लागतो आणि दहा फेऱ्यांत ती तूट साचते. जावा, सी किंवा जावास्क्रिप्ट वापरले असते तरी हेच घडले असते, कारण या सर्व भाषा दशांश अपूर्णांकांसाठी १९८५ साली ठरलेले आयईईई ७५४ हे मानक पाळतात.

ही तूट नेहमीच क्षुल्लक राहते असे नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला इराककडून येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेत वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजली जात होती, एक दशांश २४ बिटांत तोडलेला होता आणि सुमारे १०० तास सलग चालल्यावर घड्याळात ०.३४ सेकंदाचा फरक साचला होता.

आपल्या लूपमध्ये ० ते १० असा पूर्णांक मोजावा आणि छापतानाच त्याला दहाने भागावे. रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवाव्यात. पायथनचे ‘डेसिमल’ वापरल्यास ०.१ हा आकडा अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून द्यावा; तसाच दिला तर आधीच तुटलेली संख्या ‘डेसिमल’ इमानेइतबारे जशीच्या तशी जपून ठेवते.

प्रश्न : हजेरीच्या जावा प्रोग्राममध्ये दोन ‘अरेलिस्ट’मधील (जावातील याद्यांमधील) हजेरी क्रमांक दुहेरी बरोबर-चिन्हाने ताडून पाहिले. १२७ पर्यंतचे विद्यार्थी हजर दिसतात आणि १२८ पासून पुढे सगळे गैरहजर.
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ‘अरेलिस्ट’मध्ये साधा ‘इंट’ राहत नाही, त्याचा ‘इंटिजर’ ऑब्जेक्ट होऊन राहतो, आणि दुहेरी बरोबर-चिन्ह ऑब्जेक्टची किंमत न ताडता दोन्ही बाजूंना एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढेच पाहते. उणे १२८ ते १२७ या संख्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवून पुन्हा पुन्हा तेच वापरते, म्हणून तेवढ्यांपुरते उत्तर योगायोगाने बरोबर येते. तुलना ‘इक्वल्स’ने करावी, एखादी नोंद ‘नल’ (रिकामी) असण्याची शक्यता असेल तर ‘ऑब्जेक्ट्स’ या वर्गातील ‘इक्वल्स’ वापरावे. ‘स्ट्रिंग’लाही हाच नियम लागू आहे. साठ मुलांच्या वर्गावर तपासलेला प्रोग्राम हा दोष कधीच दाखवणार नाही.

प्रश्न : पायथन ज्या ओळीवर ‘सिंटॅक्सएरर’ दाखवतो, त्या ओळीत मला काहीच चूक सापडत नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : वरच्या ओळीतील कंस मोजावेत. कंस उघडा राहिला की पायथन पुढची ओळही त्याच वाक्याचा भाग समजून वाचत जातो आणि जिथे अर्थ लागेनासा होतो त्या ओळीवर बोट ठेवतो. ३.१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्या बहुतेक वेळा कोणता कंस बंद झाला नाही हे नावानिशी सांगतात, तेव्हा आवृत्ती जुनी असल्यास आधी ती बदलावी.