कार्बाइन जुनी आहेच, पण ती चालते का?

धरमपेठेतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. आजोबांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आणलेली अमेरिकन एम-वन कार्बाइन (आखूड लष्करी रायफल) घरात आहे. लायसन्स आजोबांच्या नावावर होतं. ते गेल्यावर कुणी हालचाल केली नाही. २०१६ साली वडीलही वारले आणि नातवाला संग्रहाचा नाद लागला. मूळ पट्टा, दस्त्यात बसणारी तेलाची नळी, पंधरा गोळ्यांची दोन मॅगझिन आणि गेल्या वर्षी भंगारवाल्याकडून १९४३ सालच्या काडतुसांचा न फोडलेला खोका, असं सगळं जमवलं. अडकणारा बोल्ट (गोळी नळीत बसवणारा सरकता भाग) ‘ओळखीच्या कारागिराकडून’ सुरळीत करून घेतला. आता पुण्याचे एक संग्राहक पूर्ण संच मागताहेत. वाचक विचारतात : ‘ऐंशी वर्षांची अँटिक वस्तू आहे, लायसन्स लागत नाही ना?’

मालगुजारी वाडे विकायला निघाले की माळ्यावरून बंदुका निघतात आणि अशी पत्रं येतात. लायसन्स म्हणजे काय, ते वारसाला आपोआप मिळतं का, हे पुन्हा लिहीत नाही. तुमचा निकाल शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ (सी) वर लागणार आहे, आणि त्यातही शेवटच्या अर्ध्या ओळीवर. जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या बंदुकीला हे कलम सूट देतं, हे सगळ्यांना पाठ असतं. सूट कुठल्या बंदुकीला, ते पुढे लिहिलंय : जी दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशीला. वयाचा आकडा त्यात कुठेही नाही. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक म्हणजे अँटिक, हा अमेरिकेतला हिशोब आहे. नेटवर वाचून तो नागपुरात लावू नका. तुमची कार्बाइन तर त्या हिशोबातही बसत नाही, कारण अमेरिकन सैन्याने तिला मान्यताच १९४१ मध्ये दिली.

बोल्ट अडकत होता तोवर निदान वादाला जागा होती, फार नाही, पण होती. ‘दुरुस्ती करूनही चालणार नाही’ असा अहवाल तज्ज्ञाने दिला असता तर मी काही तरी बोलू शकलो असतो. तुम्ही दुरुस्ती करून ती चालते हे स्वतःच दाखवून दिलंत. शिवाय विनापरवाना दुरुस्ती हा कलम ५ खाली वेगळा विषय आहे. तो तुम्ही फोटोंसकट मेलवर का पाठवलात, मला कळलेलं नाही.

काडतुसांचं आणखी कठीण आहे. कलम ४५ (सी) फक्त बंदुकीबद्दल बोलतं, काडतुसांबद्दल नाही. ‘इतकी जुनी काडतुसं काय उडणार’ हा युक्तिवादही टिकणार नाही. चांगली ठेवलेली काडतुसं इतक्या वर्षांनीही उडू शकतात. उरतं कलम ४५ (डी), म्हणजे किरकोळ सुट्या भागांची सूट. एखादं एकटं काडतूस सापडलं अशा काही प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा आधार घेऊन गुन्हे रद्द केले आहेत. पण तो भाग पूरक भागांबरोबर वापरायचा नसावा, अशी तिथे अट आहे. तुमच्याकडे काडतूस, मॅगझिन आणि बंदूक एकाच कपाटात! संग्राहक ज्याला ‘कम्प्लीट सेट’ म्हणून जास्त पैसे मोजतो, त्याच संचाने तुमच्या दोन्ही सवलती घालवल्या.

शिक्षेबद्दल छातीठोकपणे सांगणार नाही. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा काडतूस बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहेत; प्रतिबंधित शस्त्र ठरलं तर सात ते चौदा. एम-वन सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरते; २०१६ च्या शस्त्र नियमांत नेहमीच्या परवान्याच्या वर्गात ती येत नाही, त्यामुळे सरकारी वकील प्रतिबंधित शस्त्राचं पोटकलम मागू शकतात. वकील म्हणून मी विरोध करेन. पण तो वाद निकाली निघेपर्यंत तुमचा मुलगा कॉलेजात जाईल. बंदूक चालते का हे सांगणाऱ्या बॅलिस्टिक अहवालाची वाट पाहण्यातच किती तारखा जातात, ते नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एकदा बसून बघा.

म्हणून आता कलम २१. ताबा कोणत्याही कारणाने बेकायदा झाला की शस्त्र ‘अनावश्यक विलंब न करता’ जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. विलंब तर झालाच आहे, तो आणखी वाढवू नका. आधी वकील गाठा. अटकपूर्व जामीन (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२) आधी मागायचा की नाही, हे कागद पाहून त्यांनी ठरवावं. मग त्यांच्यामार्फत ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या आणि पोलिसांनाच घरी येऊ द्या. कार्बाइन स्कूटरच्या डिकीत घालून स्वतः नेऊ नका. आजोबांच्या लायसन्सची प्रत अर्जाला जोडा. तुम्ही स्वतःहून जमा केल्याचा उल्लेख पावतीत हवा, आणि कार्बाइनचा नंबर, मॅगझिन, काडतुसांची मोजणी हे सगळं त्यात हवं. कलम ३ च्या (विनापरवाना बाळगण्याच्या) गुन्ह्यात खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शहरात ते काम पोलीस आयुक्तांचं. तिथे ही पावती उपयोगी पडेल, किती ते सांगता येत नाही.

पट्टा खुशाल ठेवा. मॅगझिन मात्र शस्त्राचा भाग आहे, ते ठेवू नका. हिंगण्याच्या वेल्डरकडून कार्बाइनची नळी बुजवून घेण्याची तुमची कल्पना डोक्यातून काढून टाका, त्याने पुराव्याशी छेडछाड केल्याचा आरोप तेवढा वाढेल.

आणि विक्री. ४५ दिवस आधी लेखी कळवून बंदूक विकण्याची सोय कायदेशीर धारकाला आहे. तुम्ही आज तो धारक नाही. पुण्याच्या गृहस्थांना सौदा थांबल्याचं कळवा आणि बयाणा घेतला असेल तर रोख नको, बँकेतून परत करा.