हेड गॅस्केट गेलं म्हणून लगेच इंजिन खोलू नका

तुमचं सगळं नीट वाचलं. म्हणजे दहा-अकरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली, थोड्याच दिवसांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी व्हायला लागलं, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढतो, हायवेला लागलं की आपोआप खाली येतो, आणि मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं बघून सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. आता खोलू द्यायचं का, घेताना नेमकं काय बघायचं राहिलं, आणि विकून मोकळं व्हावं का, असे तुमचे तीन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर: आत्ता नाही. गॅस्केट गेलंच नसेल असं मी म्हणत नाहीये, गेलेलं असूही शकतं, पण तुम्ही जे लक्षण लिहिलंय ते गॅस्केटपेक्षा फॅनकडे जास्त बोट दाखवतंय. गाडी पळत असताना समोरून वारा आपोआप रेडिएटरवर, म्हणजे कूलंट थंड करणाऱ्या जाळीवर, येतो, फॅनची गरज जवळपास नसतेच. उभी राहिली की सगळा भार फॅनवर. त्यामुळे उभ्या गाडीत गरम आणि पळताना थंड म्हणजे फॅन, त्याचा रिले (त्याला करंट देणारा स्विच), फ्यूज, वायरिंग नाहीतर रेडिएटरवर बाहेरून साचलेला कचरा. याच्या उलट असतं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये ठीक पण चढावर किंवा वेगात गरम, तर मी आतून चोक झालेला रेडिएटर, वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) आणि गॅस्केट या बाजूला गेलो असतो, कारण इंजिनवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि फाटलेलं गॅस्केट तेव्हाच जास्त त्रास देतं.

फॅन बघायला कोणाची गरज नाही. गाडी उभी करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. मग एसी बंद करून आयडलवर तापू द्या, साधारण ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास फॅन स्वतःहून लागला पाहिजे (हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो). आकडा बघायला स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) घ्या आणि लाइव्ह डेटा लावा, डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा केलेला असतो की तापमान बरंच खालीवर झालं तरी तो मधोमध गप्प बसतो, आणि हलतो तेव्हा इंजिन ऑलरेडी चांगलंच तापलेलं असतं. आणि हो, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जी बोटभर फट असते तिच्यात वरून टॉर्च मारून बघा. समोरून सगळं स्वच्छ दिसतं, पण त्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, पाल्याचा चुरा आणि मेलेले किडे मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो, त्यातून वारा जाणार कसा.

आता कूलंट कमी होण्याबद्दल, कारण ही दुसरी तक्रार आहे आणि तिचं कारण वेगळं असू शकतं. गरम होतं म्हणून पाणी उडतंय की पाणी कमी म्हणून गरम होतंय हे आधी ठरवायला हवं. सगळ्यात आधी रेडिएटरची कॅप. या एवढ्याशा झाकणाकडे कोणी बघत नाही. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, पण साधारण १ बार जादा दाबात ठेवलं तर १२० च्या आसपास जातं, आणि तो दाब धरून ठेवायचं काम कॅपची स्प्रिंग आणि रबर करतात. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडतं. झाकणावर आकडा छापलेला असतो, तोच आकडा बघून नवीन टाका.

मग प्रेशर टेस्ट. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंप लावतात, कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून देतात. काटा पडला तर लिकेज आहे. कुठे आहे ते शोधताना होज पाईपचे जोड, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची कड आणि वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक बघा. पंपाचं सील जायला लागलं की त्या भोकातून थेंब थेंब येतं आणि गरम इंजिनवर वाळून जातं, खाली जमिनीवर काहीच दिसत नाही, फक्त भोकाखाली कूलंटच्या रंगाची खरखरीत रेघ राहते. बाहेर कुठे काही नाही पण केबिनमध्ये गोडसर वास, समोरची काच आतून चिकट आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

हे सगळं कोरडं निघालं आणि तरी दाब पडतोय, तेव्हाच गॅस्केटचा संशय घ्या. त्याच्या दोन खात्रीच्या खुणा. एक, सकाळी पूर्ण थंड गाडी स्टार्ट करून रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा, पहिल्या एक-दोन मिनिटांत तो मऊच असला पाहिजे कारण पाणी अजून तापलेलं नाही. तेवढ्यातच दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. दोन, ब्लॉक टेस्ट: कूलंटवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, कार्बन डायऑक्साईड असला की तो पिवळा होतो. बारीक गळती असेल तर गाडी गरम करून, थोडा लोड देऊन ती परत करायला सांगा. शिवाय स्पार्क प्लग काढा, बाकीचे तपकिरी आणि एकच धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय, आणि अशी गाडी बहुधा सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ मिसिंगही मारते, म्हणजे अडखळत चालते.

ऑईलच्या झाकणाखाली पांढरी साय आली म्हणजे गॅस्केट गेलं असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते तेवढ्यावरून खरं नसतं. रोज थोडंसंच अंतर चालणाऱ्या गाडीत आतली वाफ तिथे जमूनही तसं होतं. डिपस्टिकवरचं ऑईलसुद्धा चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी स्टार्टही करू नका. थंडीत सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूरही तसाच, गाडी तापल्यावर थांबला तर सोडून द्या.

समजा गॅस्केट खरंच निघालं. मग फक्त गॅस्केट बदलून हेड परत बसवणाऱ्याकडे काम देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, आणि बऱ्याच इंजिनांत चालणारा वाक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मा, तो डोळ्यांना दिसत नाही, सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावूनच कळतो. हेड वर्कशॉपला पाठवून क्रॅकसाठी प्रेशरवर तपासून घ्या, लागलं तर फेसिंग करा, म्हणजे घासून सपाट करून घ्या. बोल्ट नवीन घ्या असं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर नवीनच, कारण ते एकदा ताणले जाऊन बसतात, आणि आवळताना क्रम, टॉर्क आणि शेवटचा अँगल मॅन्युअलप्रमाणेच, अंदाजाने नाही. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर त्याच वेळी बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट उरकून टाका, लेबर दोनदा देण्यात अर्थ नाही. आणि मुख्य म्हणजे गॅस्केट का गेलं ते विचारा. ते सहसा सुखासुखी जात नाही, गाडी आधी कधीतरी तापलेली असते. फॅन बंदच राहिला तर नवीन गॅस्केटही तितक्याच लवकर जाईल.

कोणी म्हणेल थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड चालेल. नको! इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड येऊन चेक इंजिनचा लाईट लागतो आणि मूळ दोष झाकला जातो. लिक बंद करणारी पावडरही नको, ती हीटर कोअरच्या बारीक नळ्या आधी बंद करते. रिपेअर झाल्यावर कूलंट भरताना हीटर फुल गरम ठेवून सिस्टीममधली हवा नीट काढली ना ते बघा, एअर लॉक राहिला की सगळं नवीन टाकूनही काटा वर जातो आणि लोक परत इंजिनला दोष देतात. कूलंट रंगावरून भरू नका, रंग प्रत्येक कंपनी आपापला देते, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा.

घेताना काय बघायचं ते आता सांगून उपयोग कमी, तरी पुढच्या वेळेसाठी. इंजिन थंड असतानाच बघायला जा, पोहोचल्यावर बॉनेट कोमट लागलं तर त्या दिवशी परत फिरा. बाटलीत कूलंटऐवजी साधं पाणी दिसलं तर मालक रोज टॉप-अप करत होता असंच समजा. स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी) बघा, बरेचसे अपूर्ण असतील तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आणि टेस्ट ड्राईव्ह संपली की गाडी बंद न करता एसी लावून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा, तुमच्या गाडीने तिथेच खरं सांगितलं असतं.

विकायचं की नाही ते टेस्ट झाल्यावर ठरवा. फॅन किंवा कॅप निघाली तर विकायचा प्रश्नच नाही. गॅस्केट निघालं आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) सगळ्या सिलिंडरला जवळपास सारखं असेल, गिअरबॉक्स आणि बॉडी चांगली असेल, तर मी दुरुस्त करून वापरेन. दोन शेजारच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं असेल तर तेही बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केटच असतं, त्याने घाबरू नका. पण ऑईल-पाणी एक होऊन गाडी तशीच बरीच चाललेली असेल तर बेअरिंगचा भरवसा नाही, मग जशी आहे तशी, दोष सांगून विकलेली बरी.

तोपर्यंत गाडी शक्यतो काढू नका. काढलीच आणि काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल, आणि बाजूला घेऊन इंजिन बंद. निदान अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावायचा नाही, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. होज दाबून मऊ लागला की जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा.